डिंक, राळ आणि पाइपाचा सांधा



उसाच्या पाइपलाइनीचे सांधे गळतात, अशा तक्रारी येतात. जाऊन पाहावे, तर कुणी लाकडाचा पांढरा गोंद लावलेला! चिकटते ते सगळे सारखेच, हा समज मोडायला चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल बरे.

तिथल्या धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो. कुलूचा म्हणजे कांडोळाचा डिंक फुगतो, विरघळत मात्र फारसा नाही. राळ पाण्याला दादच देत नाही; तिला स्पिरिट नाहीतर तेल लागते. सालईच्या चिकात दोन्ही असतात. पळस-कुसुमावरची लाख हीही राळच, फक्त ती किडा तयार करतो. स्पिरिटात विरघळली की तिचे फ्रेंच पॉलिश होते, आणि स्पिरिट निघते आपल्या उसाच्या मळीतून.

ज्यात विरघळते तो द्रावक. तो उडून गेल्यावर मागे राहतो तो लेप. लाख तापवली की मऊ, निवली की कडक. पीव्हीसी पाइपही तसाच. पण फार वेळ तापवल्यास लाख कायमची कडक होते. इपॉक्सीत राळ व हार्डनर एकत्र झाले की तिथेही माघार नाही. म्हणून लागेल तेवढेच कालवावे.

पीव्हीसीला सॉल्व्हंट सिमेंटच लावावे. त्यातला द्रावक पाइपाचे अंग मऊ करून दोन्ही तोंडे एकजीव करतो. पांढरा गोंद पाण्यातला, ओलीत पुन्हा मऊ पडतो. तोंडे कोरडी पुसावीत. डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत मोटार लावू नये. आम्ही एकदा घाई केली, तर सकाळी सांध्यापाशी तळे साचलेले!