फुटबॉल आणि आपली मुलं



आम्ही राहतो त्या एडिसनमध्ये फुटबॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हेल्मेट घातलेले धिप्पाड गडी येतात. आपल्या ओळखीच्या फुटबॉलला इथे सॉकर म्हणायचं. नाव काही असो, थंडी सरली की मैदानं मुलामुलींनी भरून जातात. मात्र हा खेळ इथे स्वस्त नाही. क्लबची फी, गणवेश, दर हंगामात लहान होणारे बूट, आणि शनिवार-रविवार दूर दूर गाडी हाकत नेणं. ज्यांना परवडतं त्यांची मुलं पुढे जातात, बाकीची काठावर उभी राहतात. त्यातून आपल्या लोकांचा प्रश्न वेगळाच. सामने बहुतेक शनिवारी, मग शब्बाथचं काय?

असं असताना जिथे पैसा नव्हता तिथे फुटबॉलने काय केलं, ते बघण्यासारखं आहे.

नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात विजय बारसे नावाचे क्रीडाशिक्षक होते. पावसात झोपडपट्टीतली पोरं एका फुटक्या बादलीला लाथा मारून खेळताना त्यांनी पाहिली आणि त्यांना खरा चेंडू आणून दिला. पोरं खेळात असली की दुसऱ्या भानगडींत नसतात, एवढंच साधं त्यांच्या लक्षात आलं. २००१ साली त्यांनी झोपडपट्टीतल्या संघांची स्पर्धा भरवली, तर शंभरावर संघ आले! त्यातून ‘स्लम सॉकर’ ही संस्था उभी राहिली. बेघर आणि गरीब खेळाडूंसाठी २००३ पासून होमलेस वर्ल्ड कप भरतो. पहिला ऑस्ट्रियात ग्राझला झाला. तिथे भारताचा संघ नागपूरची ही मंडळी नेऊ लागली. नागपूरचाच अखिलेश पॉल, वाट चुकलेला मुलगा, २०१० साली रिओला भारताचा कप्तान म्हणून गेला. २०१६ साली फिफाने या संस्थेला आपला डायव्हर्सिटी अवॉर्ड दिला. २०२२ साली नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला, त्यात अमिताभ बच्चन यांनी बारसे सरांवर बेतलेली भूमिका केली. तो पुष्कळांनी पाहिला असेल.

दुसरी गोष्ट मुंबईची, आपल्या ओळखीच्या ससून डॉकजवळची. बगदादी यहुदी ससून घराण्याने १८७५ साली बांधलेली ही गोदी. शेजारच्या आंबेडकर नगरात वाढलेले अशोक राठोड बघत होते की बरोबरीची मुलं शाळा सोडून गोदीवर मासळीच्या कामाला लागतात, कोवळ्या वयातच व्यसनात सापडतात. २००६ साली त्यांनी १८ मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यांच्या ‘ऑस्कर’ संस्थेचा नियम एकच: शाळा नाही तर फुटबॉल नाही. आईबाप ओरडून थकले, पण चेंडूच्या ओढीने पोरं वर्गात बसू लागली. पुढे मुलीही आल्या, आणि शिकलेली मुलं धाकट्यांची प्रशिक्षक झाली. आम्हाला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. ज्याच्यावर दुसऱ्याची जबाबदारी टाकली, तो स्वतः सहसा घसरत नाही.

खेळातून शिकवायचं म्हणजे नेमकं काय? एक पद्धत सांगतो. १९९४ च्या विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून स्वतःच्याच संघावर गोल झाला, आणि मायदेशी परतल्यावर मेडेयिन गावात त्याचा खून झाला. तिथे असलेल्या युर्गेन ग्रीसबेक या जर्मन तरुणाने मग मुलांसाठी वेगळे सामने सुरू केले. यात पंच नसतो. आधी दोन्ही संघ बसून नियम ठरवतात, मग खेळतात, आणि शेवटी परत बसून कोण कसं वागलं त्याचे गुण देतात. मुलगे-मुली एकत्र, आणि पहिला गोल मुलीनेच करायचा. म्हणजे मुलीला चेंडू द्यावाच लागतो! ही पद्धत आता कितीतरी देशांत चालते. इस्राएलमध्येही हापोएल तेल अवीव क्लबने १९९७ साली ‘मिफालोत’ सुरू केलं, त्यात यहुदी आणि अरब मुलं एकत्र खेळतात. एका दिवसात वैर मिटत नाही हे खरं, पण समोरच्याचं नाव तरी कळतं.

आपलं आणि फुटबॉलचं नातं जुनं आहे. १९६४ चा आशिया चषक इस्राएलमध्ये झाला. इस्राएल पहिला, भारत दुसरा! इस्राएलने भारताला २-० हरवलं, तेव्हा आपल्या माणसांनी टाळ्या कोणासाठी वाजवायच्या? आणि १९७७ साली पेले आपल्या न्यू जर्सीत खेळणाऱ्या कॉसमॉस संघाबरोबर कलकत्त्याला गेला, मोहन बागानशी २-२ अशी बरोबरी झाली. २०२६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही इथेच, ईस्ट रदरफर्डला ठरला.

मग आपण काय करावं? आमच्या मनात येतं ते असं. रविवारी सकाळी एखाद्या सार्वजनिक मैदानावर आपली मुलं जमवावीत. शब्बाथ राहील आणि खेळही होईल. फी नको. ओक ट्री रोडच्या आसपासच्या गुजराती, तेलुगू, मराठी शेजाऱ्यांच्या मुलांनाही बोलवावं, आणि त्या बिनपंचाच्या पद्धतीने खेळावं. मुंबई-नागपूरच्या अशा एखाद्या संस्थेशी मैत्री जोडावी. जुने बूट पाठवू नयेत. टपालखर्च बुटांहून जास्त! त्यापेक्षा पैसे पाठवावेत, कशाची गरज आहे ते तिथल्यांना कळतं. पण नुसती मदत नको. तिथल्या मुलांनी व्हिडिओवर आपल्या मुलांना शिकवावं, आपल्या मुलांनी मोडकंतोडकं का होईना, मराठीत बोलावं. देणारे आणि घेणारे अशी वाटणी झाली की मैत्री संपते.

इतकी वर्षं नर्सिंग केलं, म्हणून एक गोष्ट बजावून सांगतो. लहानांना डोक्याने चेंडू मारू देऊ नका. अमेरिकेच्या सॉकर संघटनेने २०१५ साली दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ते बंद केलं, ते मेंदूच्या काळजीपोटीच. डोक्याला मार लागला की मूल कितीही रडो, त्याला त्या दिवशी परत खेळू द्यायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवायचं.

आपली संख्या थोडी. मुलं आपापल्या शाळेत, आपापल्या गावात विखुरलेली, सणावारी भेटतात तेवढीच. महिन्यातून दोनदा मैदानावर भेटली तर एकमेकांना ओळखतील, पुढे एकमेकांच्या उपयोगी पडतील. ज्यांची मुलं-नातवंडं येतील त्यांनी बुलेटिनकडे कळवावं. चेंडू आणि जखमेवर लावायची पट्टी आमच्याकडून.