मोटारीसाठी तापमापक निवडताना : तबकडीपेक्षा सेन्सरची जागा महत्त्वाची

वेलचेरी (चेन्नई) : मे महिन्यातील ‘अग्नी नक्षत्रम्’च्या दिवसांत, भर दुपारी वेलचेरीच्या विजयनगर चौकात वाहतूक खोळंबली की मोटारीच्या इंजिनाची खरी परीक्षा होते. वातानुकूलन यंत्रणा सुरू असते, समोरून वारा मिळत नाही आणि रेडिएटर थंड ठेवण्याचा सारा भार विजेच्या पंख्यावर येतो. तो पंखा बंद पडल्यास काही मिनिटांतच इंजिन धोकादायक पातळीपर्यंत तापू शकते. अनेक छोट्या मोटारींच्या डॅशबोर्डवर आता तापमानाचा काटा नसतो. इंजिन थंड असताना निळा आणि अतितप्त झाल्यावर लाल, असे दिवेच चालकाला सूचना देतात. लाल दिवा लागतो तेव्हा सावरण्यासाठी फारसा अवधी उरलेला नसतो. त्यामुळेच बाहेरून तापमापक बसवून घेण्याचा पर्याय विचारात घेतला जातो.

वेलचेरीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. पल्लीकरणै पाणथळीलगतचा हा सखल परिसर डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि डिसेंबर २०२३ मध्ये ‘मिचाँग’ चक्रीवादळाच्या वेळी जलमय झाला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिवृष्टीचा इशारा मिळताच रहिवाशांनी आपल्या मोटारी उड्डाणपुलावर नेऊन उभ्या केल्या होत्या. पाण्यात उभ्या राहिलेल्या मोटारीत पंख्याची मोटर आणि विजेच्या जोडण्या गंजू शकतात, रेडिएटरच्या पात्यांमध्ये गाळ साचू शकतो. पावसाळ्यात झालेली ही हानी अनेकदा पुढच्या उन्हाळ्यातच उघड होते.

ज्या मोटारींत काटा आहे, त्यांचे चालकही पूर्णपणे निर्धास्त राहू शकत नाहीत. बहुतेक आधुनिक इंजिनांतील कुलंटचे तापमान साधारण ८५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहते. चढ, गर्दी, पंखा चालू-बंद होणे यांमुळे ते सतत थोडे वर-खाली होते. काटा हलताना पाहून ग्राहक विनाकारण धास्तावू नये, यासाठी अनेक उत्पादक काट्याची रचनाच अशी करतात की या संपूर्ण टप्प्यात तो मध्यावर स्थिर राहावा. परिणामी तापमान हळूहळू वाढत असल्याची सुरुवातीची सूचना चालकापर्यंत पोहोचत नाही.

बाजारात मिळणारे तापमापक प्रामुख्याने तीन प्रकारचे आहेत. पहिला यांत्रिक. यात बाष्पनशील द्रव भरलेली बारीक धातूची नळी इंजिनापासून डॅशबोर्डपर्यंत आणली जाते. त्याला विजेची गरज नसते; मात्र नळीची लांबी बदलता येत नाही आणि ती चेपली वा तुटली तर संपूर्ण तापमापक निकामी होतो. दुसरा प्रकार विद्युत तापमापकाचा. त्यातील सेन्सरचा विद्युतरोध तापमान वाढेल तसा कमी होतो आणि त्यावरून तबकडीवर आकडा दिसतो. सेन्सर व तबकडी एकाच जोडीची नसल्यास आकडे चुकतात. म्हणून दोन्ही एकत्रच विकत घ्यावीत. तिसरा प्रकार मोटारीच्या निदान-सॉकेटला जोडायच्या उपकरणाचा. भारतात २०१३ पासूनच्या बहुतेक मोटारींत हे सॉकेट असते. कोणतीही तार न कापता मोटारीच्या स्वतःच्या सेन्सरचा आकडा त्यावर वाचता येतो. नवी मोटार हमीच्या मुदतीत असेल, तर हाच पर्याय सर्वांत कमी कटकटीचा ठरतो.

निवड करताना तबकडीचा आकार वा रोषणाई यापेक्षा दोन गोष्टी पाहणे आवश्यक असते. पहिली म्हणजे सेन्सरची जागा. तो रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या होज पाईपमध्ये बसवणे सोपे असते. पण थर्मोस्टॅट उघडून त्या पाईपमधून कुलंट वाहू लागेपर्यंत तेथे इंजिनाचे खरे तापमान मिळत नाही. शिवाय पाईप फुटून कुलंट वाहून गेले, तर कोरड्या पडलेल्या सेन्सरभोवती केवळ हवा आणि वाफ उरते. अशा वेळी इंजिन होरपळत असतानाही काटा खाली येऊ शकतो. म्हणून काटा अचानक खाली घसरला, तरी तो धोक्याचाच इशारा समजावा. सिलिंडर हेडच्या बोल्टखाली बसणारा, थेट धातूचे तापमान मोजणारा सेन्सर किंवा कुलंटची पातळी घटल्याचे सांगणारी स्वतंत्र सूचक यंत्रणा ही उणीव भरून काढते.

दुसरी गोष्ट म्हणजे ध्वनीद्वारे इशारा. गर्दीत वाहन चालवताना नजर रस्त्यावर असते, तबकडीवर नव्हे. इशाऱ्याची पातळी ठरवण्यापूर्वी आठवडाभर आपल्या मोटारीचे नेहमीचे कमाल तापमान पाहून ठेवावे आणि त्यापेक्षा पाच ते दहा अंश वरचा आकडा निश्चित करावा. ८० ते १२० अंशांच्या टप्प्यात आकडे सुटे व ठळक असलेली तबकडी वाचण्यास सोयीची असते.

बसवताना मोटारीचा मूळ सेन्सर काढून त्याच्या जागी नवा लावू नये. मूळ सेन्सरच्या आधारे इंधनाचे प्रमाण आणि पंख्याचे काम नियंत्रित होते. एकाच तारेच्या सेन्सरला इंजिनाच्या धातूतून अर्थिंग मिळते. त्याच्या आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जाड थर गुंडाळल्यास अर्थिंग बिघडून आकडा चुकू शकतो. उपकरणाची अचूकता घरीही तपासता येते. समुद्रसपाटीजवळच्या चेन्नईत उकळत्या पाण्यात त्याने १०० अंशांच्या आसपास आकडा दाखवावा. सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात तोच आकडा ९८ च्या जवळ असेल.

तापमापक बिघाड दाखवतो, दुरुस्त करत नाही. बोअरवेलचे जड पाणी रेडिएटरमध्ये भरल्यास आत क्षारांचे थर बसतात. त्यामुळे उत्पादकाने सुचवलेले कुलंटच वापरावे. इशारा मिळताच वातानुकूलन बंद करून वाहन सुरक्षित जागी थांबवावे व इंजिन बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र गरम असताना कदापि उघडू नये. सुमारे एक बार जादा दाबाखाली पाण्याचा उत्कलनबिंदू १२० अंशांपर्यंत जातो. दाब सुटताच ते उसळून गंभीर भाजण्याची भीती असते.

चेन्नईहून बंगळुरूमार्गे पुण्याला जाणाऱ्या, आणि परतताना साताऱ्याच्या दिशेने खंबाटकी घाट चढणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा विचार अधिकच प्रस्तुत आहे. ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड अतिउष्णतेने वाकले किंवा हेड गॅस्केट जळाले, तर प्रवास तेथेच थांबतो आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर उरत नाही. योग्य जागी बसवलेला तापमापक ही वेळ येण्याआधी थांबण्याची संधी देतो. ती संधी साधून लगेच थांबणे मात्र चालकाच्याच हाती असते.