फायबर, रिचार्ज आणि इंटरनेटबंदी : दूरसंचार धोरणात आपली वस्ती कुठे आहे?

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा. जात पडताळणीचा अर्जही ऑनलाइन. २०२५ पासून अकरावीचा प्रवेश संपूर्ण राज्यात ऑनलाइन झाला आणि नोंदणीच्या पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले. पुण्यातल्या विद्यार्थ्याला त्या दिवशी मनस्ताप झाला असेल, पण त्याला घरात बसून पुन्हा प्रयत्न करता आला. जामखेड तालुक्यातल्या वाडीवरच्या मुलीला मात्र त्यासाठी पुन्हा जामखेड किंवा खर्डा गाठावे लागते. सोबत आई किंवा वडील आले तर त्यांची दिवसाची मजुरी बुडते. शिष्यवृत्ती मिळवून देणारा कायदा आपल्या बाजूचा असतो, पण तिचा अर्ज नेटअभावी अडतो.

म्हणून इंटरनेट हा आता चैनीचा विषय राहिलेला नाही. तो शिक्षणाचा, रेशनचा, मजुरीचा आणि अन्यायाविरुद्ध आवाज उठवण्याचा प्रश्न आहे. नेट नसले की आपण कंपनीला शिव्या देतो आणि विषय संपतो. पण आपल्या गावात नेट येते की नाही, ते परवडते की नाही आणि सुरू राहते की नाही, हे तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठरते. ती ठिकाणे कोणती, हे तरुण कार्यकर्त्यांना माहीत असले पाहिजे. आम्ही या लेखात तेच मांडत आहोत.

केबल आली, पण कुठपर्यंत?

देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचे नाव भारतनेट झाले. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम 'महानेट' या नावाने झाले. सरकारी आकडेवारीनुसार २ लाख १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायती आज 'सेवासज्ज' आहेत.

या 'सेवासज्ज' शब्दाकडे नीट पाहा. त्याचा अर्थ केबल पोहोचली आणि उपकरण बसले, एवढाच. ते उपकरण आज सुरू आहे का, वीज गेल्यावर बॅटरी चालते का, ग्रामपंचायतीच्या भिंतीपलीकडे शाळेला, अंगणवाडीला, बौद्धवाड्याला जोडणी मिळाली का, यांची उत्तरे त्या आकड्यात नाहीत.

दुसरी अडचण तांत्रिक आहे, पण समजायला सोपी आहे. पूर्वी बहुतेक केबल सरळ रेषेत टाकली गेली. रस्त्याच्या किंवा पाइपलाइनच्या खोदकामात ती एका जागी तुटली की पुढची सगळी गावे बंद. केबल वर्तुळात टाकली तर एका बाजूने तुटल्यावर दुसऱ्या बाजूने सेवा सुरू राहते. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमाला मंजुरी दिली. त्यात जुने जाळे वर्तुळाकार करणे आणि दहा वर्षे देखभाल करणे या दोन गोष्टी आहेत. म्हणजे पहिल्या टप्प्यांत काय राहून गेले, हे सरकारनेच एका अर्थाने मान्य केले आहे.

हा पैसा येतो कुठून? दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलातील ५ टक्के रक्कम ग्रामीण सेवेसाठी वेगळी काढली जाते. २००२ साली त्यासाठी सार्वत्रिक सेवा निधी सुरू झाला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव 'डिजिटल भारत निधी' केले. कंपन्यांचा महसूल आपल्या रिचार्जमधून येतो. म्हणजे ऊसतोडीला जाणारा आपला माणूसही या निधीत भर घालतो. त्यामुळे गावातल्या जोडणीबद्दल विचारणे ही मेहेरबानीची याचना नाही. आपण भरलेल्या पैशाचा तो हिशेब आहे.

रिचार्ज कोण ठरवते?

मोबाइलचे दर सरकार ठरवत नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, ते कंपन्यांवर सोडले आहेत. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या अंतराने दर साधारण ११ ते २५ टक्क्यांनी वाढवले. बाजारात मोजक्याच कंपन्या उरल्या की ग्राहकाला 'दुसरीकडे जा' म्हणण्यात अर्थ राहत नाही. जिथे एकाच कंपनीची रेंज येते त्या वस्तीत तर तो पर्यायच नसतो.

नियामकाने मनात आणले तर तो हस्तक्षेप करू शकतो, हेही आपण पाहिले आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने फक्त बोलणे आणि एसएमएससाठी वेगळे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले. साधा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने डेटाचे पैसे का भरावेत, हा त्यामागचा साधा प्रश्न होता.

त्याआधी ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने आणखी मोठा निर्णय दिला होता. काही निवडक संकेतस्थळे फुकट आणि बाकीची पैसे भरून, अशा भेदभावाच्या दरांवर त्याने बंदी घातली. याचे महत्त्व आपल्याइतके कोणाला कळेल? ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू झाले तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही, हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. माध्यमाचा मालक कोणाला वाट द्यायची हे ठरवू लागला की आपला आवाज दारातच अडतो. आज आपली लहान संकेतस्थळे आणि यूट्यूब चॅनेल मोठ्या माध्यमांच्याच वेगाने उघडतात, त्यामागे असे नियम आहेत. ते टिकले पाहिजेत.

परवडण्यासोबत घरातला प्रश्नही आहे. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील ३८ टक्के महिलांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. ग्रामीण महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे २४ टक्केच होते. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो कोणाच्या खिशात असतो, हे आपण आपल्या घरापासून तपासले पाहिजे.

बंद करण्याचा अधिकार कोणाला?

जानेवारी २०१८ मध्ये भीमा कोरेगावच्या घटनेनंतर औरंगाबादेत इंटरनेट बंद झाले. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस जामखेडच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बीडसह जालना व छत्रपती संभाजीनगरमध्ये ते बंद झाले. अफवा रोखणे हे कारण दिले जाते, आणि अफवांचा धोका खोटा नाही. पण नेट बंद झाले की अफवेसोबत खरी बातमीही थांबते.

आपल्या तालुक्यासाठी ही गोष्ट पुस्तकी नाही. २८ एप्रिल २०१४ रोजी खर्ड्यात एका १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. अशा प्रकरणात गावाबाहेरच्या समाजाचे लक्ष घटनेवर टिकून राहणे, हाच पीडित कुटुंबाचा मोठा आधार असतो. ते लक्ष आज फोनमधून टिकते.

१० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन प्रकरणात स्पष्ट केले, की इंटरनेटवरून विचार मांडण्याला आणि व्यवसाय करण्याला संविधानाच्या कलम १९ चे संरक्षण आहे. बंदी बेमुदत असू शकत नाही आणि तिचा आदेश प्रसिद्ध झाला पाहिजे. नोव्हेंबर २०२४ च्या नव्या नियमांनुसार हा आदेश राज्यात गृहसचिव काढतात. अपरिहार्य परिस्थितीत त्यांनी प्राधिकृत केलेला वरिष्ठ अधिकारी काढू शकतो, पण त्याला २४ तासांत गृहसचिवांची मंजुरी लागते. आदेशात कारण, भाग आणि मुदत लिहावी लागते, आणि ती मुदत १५ दिवसांपेक्षा जास्त नसते. तहसीलदार किंवा ठाणेदार स्वतःच्या अधिकारात नेट बंद करू शकत नाही. पुढच्या वेळी नेट गेले तर आपला पहिला प्रश्न असावा : आदेश कुठे आहे?

नेपाळने गेल्या वर्षी आपल्या डोळ्यांसमोर काय भोगले ते आठवा. ४ सप्टेंबर २०२५ रोजी तिथल्या सरकारने २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. ८ तारखेला तरुण रस्त्यावर उतरले आणि त्या एका दिवसात १९ जणांचा जीव गेला. बंदी मागे घेतली गेली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधानांनी राजीनामा दिला, पण गेलेली मुले परत आली नाहीत. बंदीला प्रश्न विचारण्याचे कायदेशीर मार्ग वेळेवर वापरणे किती गरजेचे आहे, ते यातून शिकावे.

आपण काय करू शकतो?

केरळमध्ये एका विद्यार्थिनीने वसतिगृहातील मोबाइलबंदीला आव्हान दिले. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरणे हा शिक्षणाच्या हक्काचा भाग मानला. त्याच राज्याने जून २०२३ मध्ये स्वतःचे फायबर जाळे सुरू केले आणि दारिद्र्यरेषेखालील २० लाख कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. मागणी आणि राजकीय इच्छा एकत्र आली तर काय होते, त्याचे हे उदाहरण आहे.

आपल्या पातळीवर सुरुवात ग्रामसभेपासून करू. पुढच्या ग्रामसभेत भारतनेटचे उपकरण सुरू आहे का, हा प्रश्न लेखी मांडा आणि ठरावात नोंदवून घ्या. उत्तर टाळले गेले तर १० रुपयांचे तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा : उपकरण कधी बसले, किती दिवस बंद होते, देखभाल कोणाकडे आहे. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांच्या कल्याणावर खर्च करायची असते. त्यातून समाजमंदिरात किंवा विहारात अभ्यासिका आणि वाय-फाय द्या, अशी मागणी ठेवा. केंद्राच्या 'पीएम-वाणी' योजनेत सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवायला परवाना लागत नाही. वस्तीतला एखादा बेरोजगार तरुण ते सुरू करू शकतो.

आणि अर्ज भरण्याचे ज्ञान एकाच्या हातात ठेवू नका. १९७० पासून जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्याच बायकांना आरोग्याचे शिक्षण दिले. त्यांतल्या अनेक जणी दलित, काही निरक्षरही होत्या. डॉक्टर गावात पोहोचण्याआधी त्या पोहोचत होत्या आणि जगभरातून लोक ते काम पाहायला जामखेडला आले. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी, फसव्या लिंक ओळखण्यासाठी, रेशनच्या ई-केवायसीसाठी अशाच प्रत्येक वस्तीत दोन मुली आणि दोन मुले का तयार होऊ नयेत? येत्या अर्जांच्या हंगामाआधी प्रत्येक विहाराने एक रविवार या कामाला द्यावा, एवढेच आमचे सांगणे आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!