लखनौचं धुकं आणि हट्टी कॅमेरा

लखनौच्या मानक नगरात राहून निसर्गचित्रणाचा नाद करायचा म्हणजे वाळवंटात होडी शोधण्यातला प्रकार. इथे आरडीएसओ ही रेल्वेची संशोधन संस्था, तिची कॉलनी, कानपूरकडे जाणारे रूळ आणि नजर जाईल तिथवर सपाटी. मी जुन्नरची. कोकणकड्यावर १८ मिलिमीटरची लेन्स लावली की दरीच चौकट भरून टाकायची. इथे तीच लावली तर वर आभाळ, खाली मोहरीचं शेत आणि मधे विजेच्या तारा.

मग डोंगराचं काम धुक्याकडून करून घ्यायचं. डिसेंबर-जानेवारीत वारा पडलेला असतो, रात्रीत जमीन गारठते आणि तिच्यालगतची ओलसर हवा धुकं होऊन बसते. गाड्या लेट, सगळे वैतागलेले, मी खूश. ‘भाभीजी, इस कोहरे में दिखता क्या है?’ असं चहावाला विचारतो. दिसतं ते असं: जवळचं कडुलिंबाचं झाड काळं, मागचं राखाडी, त्यामागचं जेमतेम. सपाट मुलखाला खोली येते ती या थरांनी. २०० मिलिमीटरची लेन्स ते थर एकमेकांजवळ ओढून आणते.

पण डीएसएलआरचा मीटर हट्टी. समोरचा उजेड मोजून तो सगळं मध्यम करड्या छटेवर आणू बघतो, म्हणून धुकं मळकट येतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ करायचं आणि मागच्या पडद्यावर हिस्टोग्राम बघायचा. आलेखाचा उंचवटा उजवीकडे सरकायला हवा, उजव्या कडेला चिकटायला नको. ऑटोफोकसची वेगळीच तऱ्हा. त्याला उजेड-अंधाराची ठळक कड लागते. ती नसली की लेन्स नुसती पुढे-मागे घरघरते. अशा वेळी लाइव्ह व्ह्यू चालू करून, झाडाचं खोड पडद्यावर मोठं करून, हातानेच फोकस करते. एफ/८ पुरतं. घरी परतल्यावर कॅमेरा लगेच बाहेर काढायचा नाही. गार काचेवर खोलीतलं बाष्प धरतं. बॅग तासभर बंदच राहू द्यावी.

सपाटीवर दुसरा तोडगा उंचीचा. छायाचित्रकार फेलिचे बियातो मार्च १८५८ मध्ये लखनौत आला, तेव्हा उठावातल्या लढाईने शहर उद्ध्वस्त झालं होतं. त्याने कैसरबाग राजवाड्यावरून काचेच्या एकेक निगेटिव्हवर शहराचा तुकडा टिपला आणि ते तुकडे जोडून लांबलचक देखावा उभा केला. आज बडा इमामबाड्याच्या छतावरून रूमी दरवाजा आणि त्यापलीकडे हुसैनाबादचं घंटाघर धुक्यात एकामागे एक मिळतात. संरक्षित वास्तूंत ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून आयएसओ ४००-८०० ठेवावा, शटर १/२५०, कोपर कठड्यावर टेकवून. रविवारी मात्र जाऊ नये. कठड्यापाशी सेल्फीवाल्यांची दाटी असते.