अभिलेखांचे जतन आणि नाश : जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना : पारपत्र केंद्र शासन देते, परंतु त्यासाठी लागणारा जन्माचा पुरावा बहुधा गावातच निर्माण झालेला असतो. 1 ऑक्टोबर 2023 पूर्वी जन्मलेल्या अर्जदारास जन्मदाखल्याऐवजी शाळा सोडल्याचा दाखलाही देता येतो. त्यामुळे जुन्नर वा आंबेगावातील एखाद्या शाळेचे जनरल रजिस्टर पारपत्राचा पाया ठरू शकते. असे अभिलेख किती काळ राखावेत आणि कोणते नष्ट करावेत, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

वर्गीकरण व निंदणीकरण : महाराष्ट्रातील शासकीय कार्यालयांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग केले जातात. 'अ' वर्ग कायमस्वरूपी, 'ब' वर्ग 30 वर्षे, तर उर्वरित वर्ग अल्पकाळ जतन होतात. सहा गठ्ठे पद्धतीत शेवटचा गठ्ठा नष्ट करावयाच्या कागदांचा असतो. केंद्र शासनाच्या अभिलेखांस 1993 चा सार्वजनिक अभिलेख अधिनियम लागू आहे. त्यानुसार 1892 पूर्वीचा अभिलेख, तो निरुपयोगी होण्याइतका जीर्ण झाल्याखेरीज, नष्ट करता येत नाही. राज्याच्या अभिलेखांसाठी 2005 चा स्वतंत्र अधिनियम आहे.

मुदतीची मर्यादा : जतनाची मुदत मुख्यतः कार्यालयाच्या गरजेवरून ठरते, नागरिकाची गरज मात्र पुढे केव्हाही उद्भवू शकते. 2023 मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कार्यकाळात राज्यभर कुणबी नोंदींचा शोध घेण्यात आला. तेव्हा गाव नमुना 14 व शाळांची जुनी रजिस्टरे पुन्हा उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज भासली. या नोंदी लिहिणाऱ्यांना असा उपयोग अपेक्षित नव्हता.

आंबेगाव तालुक्यात हाच प्रश्न अधिक तीव्रतेने पुढे येतो. मूळ आंबेगाव गाव डिंभे धरणाच्या जलाशयात गेले. 30 जुलै 2014 रोजी माळीण येथे दरड कोसळून 151 जणांचा मृत्यू झाला. घरे गाडली गेली, की घरातील दाखलेही जातात. अशा वेळी कार्यालयातील मूळ नोंद हाच नागरिकाचा एकमेव आधार उरतो.

समारोप : निंदणीकरण टाळता येत नाही, सर्वच कागद राखले, तर हवा तो कागद सापडत नाही. मात्र व्यक्तीचा जन्म, वंश, शिक्षण वा जमीन सिद्ध करणारी नोंद केवळ मुदत संपली म्हणून नष्ट होऊ नये. काय, केव्हा व कोणाच्या आदेशाने नष्ट झाले, याची नोंद कायम राहिली पाहिजे. माहिती अधिकार अधिनियम, 2005 नुसार अभिलेख सूचीबद्ध ठेवणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. ही सूचीच जतन आणि नाश या दोहोंचा खरा आधार होय.