नाव मोठं, मग वेबसाइट कशाला?

"आमचा धंदा नावावर चालतो, वेबसाइट म्हणजे नुसता देखावा." ताडोबाच्या वेशीवर होमस्टे काढणारे असोत की बांबूच्या वस्तू विकणारे बचत गट, चंद्रपूर-गडचिरोलीत हे वाक्य सतत ऐकायला मिळतं. वर पुरावा म्हणून हेमलकशाचं नाव घेतलं जातं. १९७३ साली तिथे, भामरागडच्या जंगलात, बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमट्यांनी तिथे माडिया गोंडांसाठी दवाखाना चालवला, पुढे आश्रमशाळा काढली. २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, डॉ. प्रकाश यांचं 'प्रकाशवाटा' हे आत्मकथन घरोघरी पोचलं, २०१४ मध्ये त्यांच्यावरचा नाना पाटेकरांचा सिनेमा आला. मग सांगा, यात वेबसाइटचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो नेमका उलट दिशेने आहे. पुस्तक आणि सिनेमा माणसाच्या मनात जायची इच्छा जागी करतात. तिथून पुढचे प्रश्न ते सोडवत नाहीत. पुण्यातल्या घरात बसलेल्या कुटुंबाला विचारायचं असतं की बल्लारशाला उतरल्यावर पुढे कसं जायचं, आलापल्लीपासूनच्या साठेक किलोमीटरच्या जंगलरस्त्याला किती वेळ धरायचा, राहायची सोय आधी कळवून होते का, पावसाळ्यात यावं का. हा शेवटचा प्रश्न साधा नाही: पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. देणगी द्यायची असेल तर खातं खरं कुठलं, करसवलतीची पावती मिळेल का, हेही हवं असतं. नाव जितकं मोठं तितके हे प्रश्न विचारणारे जास्त, आणि त्या नावाआड स्वतःचं खातं पुढे करणाऱ्या लबाडांची शक्यताही जास्त. लोकबिरादरी हा धंदा नव्हे, लोकांच्या देणग्यांवर चाललेलं काम आहे. पण अनोळखी माणसाने न पाहता पैसे पाठवायचे, हा पेच देणगीदाराचा आणि गिऱ्हाइकाचा सारखाच. गावातल्या किराणा दुकानाचा मालक रोज डोळ्यांसमोर असतो. दुकानाची पाटी पुसट झाली तरी कुणाचं अडत नाही. गिऱ्हाईक आठशे किलोमीटरवर असलं की त्याला दिसते ती फक्त पाटी.

यावर हमखास येणारं उत्तर असं: "माहिती असली म्हणजे झालं, दिसण्याला कोण विचारतं?" लोक विचारतात, स्वतःच्या नकळत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या चमूने २००२ साली अडीच हजारांहून अधिक लोकांना वेबसाइटांची विश्वासार्हता जोखायला सांगितली. त्यांच्या जवळजवळ ४६ टक्के शेऱ्यांत मांडणी आणि दिसणं यांचा उल्लेख होता. कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाच्या २००६ च्या अभ्यासात पान आवडलं की नाही याचं मत ५० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागात बनताना दिसलं. हे मत फक्त दिसण्याबद्दलचं होतं. तेवढ्यात कुणी खरेदी ठरवत नाही. पण पुढचं वाचायचं की मागे फिरायचं, यावर त्याची छाया पडते.

इथे दुसरं टोक गाठणारे भेटतात, आणि खरी चीड त्यांचीच येते. 'डिझाइन' म्हटलं की यांना सरकती चित्रं, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आणि वाघाचा पडदाभर फोटो आठवतो. जरा हिशेब करू. फोनवर काढलेला फोटो जसाच्या तसा चढवला तर सहज तीन एमबीचा असतो. जंगलपट्ट्यात नेटवर्क सेकंदाला दोनशे किलोबिटवर घसरलं तर तो एकटा फोटो उतरायला दोन मिनिटं लागतात. तोच फोटो पडद्याच्या मापाचा करून दोनशे किलोबाइटवर आणला तर आठ सेकंद. गूगलने २०१६ साली सांगितलं होतं की पान उघडायला तीन सेकंदांहून जास्त लागले तर मोबाइलवरच्या ५३ टक्के भेटी तिथेच तुटतात. आकडा जुना आहे, आणि जाहिराती विकणाऱ्या कंपनीचा आहे, म्हणून तो थोडा सैल धरा. तरी दोन मिनिटं कुणी थांबत नाही हे सांगायला अभ्यास लागत नाही. हलकं पान, ठळक अक्षर, फोन नंबर पहिल्याच पडद्यावर: डिझाइन ते हेच.

मराठीचा मुद्दा वेगळा काढावा लागतो, कारण तिथली हेळसांड आपली आपणच केलेली आहे. दरपत्रक छापखान्यातून बनवून आणायचं आणि त्याचं चित्र साइटवर डकवायचं, ही सर्रास रीत. त्या चित्रातल्या नंबरावर बोट ठेवलं तर फोन लागत नाही, अंध वाचकाच्या फोनला ते नीट वाचून दाखवता येत नाही, शोधयंत्राच्या हातीही भरवशाचं काही लागत नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटातला मजकूर तसाच चढवला तर समोरच्याला रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. आता सबब उरलेली नाही.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. तेंदूपानांचा लिलाव करणाऱ्या ग्रामसभेचं वेबसाइटवाचून अडत नाही. व्यापारी मोजके असतात, त्यांना गाव माहीत असतं आणि व्यवहार समोरासमोर होतो. अशांना कुणी चकचकीत साइट विकायला आला तर खुशाल परत पाठवावं. पण तीच ग्रामसभा उद्या मध किंवा मोहाचे लाडू थेट शहरातल्या घरांना विकू लागली, तर हिशेब बदलतो.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. फेसबुकचं पान पुरे? ते पान कंपनीच्या मालकीच्या जागेवर असतं, नियम उद्या तीच बदलणार. पत्त्यापाशी कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी? कुलूप सांगतं की मधल्या वाटेत कुणी वाचत नाही. पलीकडे बसलेला चोर आहे की साव, हे ते सांगत नाही. एकदा केली की झालं? मागल्या हंगामाचे दर दाखवणारी साइट नसलेली बरी.

म्हणून साइट करून देणाऱ्याला शेवटचा हप्ता देण्याआधी एक अट घाला. नागपूरच्या ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर त्याचं काम पाहू नका. एक स्वस्तातला फोन घ्या, आलापल्लीच्या पुढे जिथे नेटवर्कची जेमतेम एक काडी येते तिथे थांबा, आणि तिथे पान उघडून तुमचा नंबर लावून दाखवायला सांगा. लागला तर पैसे द्या.