गिटारच्या तारांची उंची

विजेच्या साहाय्यावाचून वाजणाऱ्या, म्हणजेच अकूस्टिक गिटारवर हात बसवू पाहणारे कितीतरी विद्यार्थी पहिल्या काही महिन्यांतच ते वाद्य बाजूला ठेवतात. बोटांची टोके सोलवटतात, कॉर्ड म्हणून ओळखले जाणारे स्वरसंघात स्वच्छ उमटत नाहीत, आणि आपल्या बोटांतच काही उणे आहे असा त्यांचा ग्रह होतो. पुष्कळदा दोष वाद्याच्या जुळणीत असतो. तारा पडद्यांपासून प्रमाणाबाहेर उंच असल्या, तर कसलेल्या वादकाचाही हात दुखू लागेल.

गिटारची तार दोन आधारांवर ताणलेली असते. मानेच्या वरच्या टोकाशी खाचा पाडलेली एक पट्टी असते. तिला नट म्हणतात. सतारीच्या मेरूचेच हे स्थान होय. दुसरा आधार तबलीवर चिकटविलेल्या घोडीवर असतो. घोडीच्या खोबणीत हाडाची किंवा प्लॅस्टिकची एक अरुंद पट्टी बसविलेली असते. हीच सॅडल. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिच्या पृष्ठभागाला नाजूक उतार देऊन जवारी काढली जाते. सॅडलचा माथा मात्र अरुंद असतो. तारेने त्याला एकाच रेषेत स्पर्श करावा, अशी अपेक्षा असते.

तारांची उंची बाराव्या पडद्यापाशी मोजण्याचा प्रघात आहे. वाद्य सुरात लावून, पोलादी पट्टी पडद्यावर उभी धरून, पडद्याचा माथा आणि तारेची खालची कड यांतील अंतर पाहावे. पोलादी तारांच्या गिटारवर सर्वांत जाड तारेखाली सुमारे २.५ मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तारेखाली सुमारे २ मिलिमीटर अंतर बहुतेकांना सोयीचे वाटते. नायलॉनच्या तारांचा ताण कमी आणि कंपनाचा विस्तार अधिक असल्यामुळे तेथे हीच मापे अनुक्रमे ४ व ३ मिलिमीटरच्या आसपास असतात. अंतर याहून बरेच वाढले की दाबताना तार अधिक ताणली जाते आणि स्वर चढा लागतो. उलट, ते फार घटले तर कंप पावणारी तार पुढच्या पडद्यांवर आपटून खरखर निर्माण करते.

सॅडलला हात लावण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करून घेतली पाहिजे. पहिली, मानेचा बाक. जाड तार पहिल्या पडद्यावर आणि मान पेटीला मिळते तेथील पडद्यावर एकाच वेळी दाबली असता सातव्या पडद्यापाशी पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट राहावी. ती पुष्कळ मोठी असेल, तर पोलादी तारांच्या बहुतेक गिटारच्या मानेत बसविलेल्या सळईने आधी बाक नीट करावा. दुसरी गोष्ट नटच्या खाचांची. तार तिसऱ्या पडद्यावर दाबली असता पहिल्या पडद्यावर केसाएवढेच अंतर उरले पाहिजे. या दोन्ही ठिकाणचा दोष सॅडल घासून झाकू गेल्यास मूळ दोष कायम राहतो आणि सॅडल मात्र व्यर्थ झिजते.

आता मुख्य हिशोब. बारावा पडदा तारेच्या लांबीच्या मध्यावर असतो. म्हणून सॅडलची उंची जेवढी घटते, त्याच्या निम्मीच घट बाराव्या पडद्यावर दिसून येते. समजा, जाड तारेखाली ३.४ मिलिमीटर अंतर आहे आणि ते २.६ करावयाचे आहे. फरक ०.८ मिलिमीटरचा, म्हणून सॅडलच्या त्या टोकाकडून १.६ मिलिमीटर काढावे लागेल. बारीक तारेकडील फरक ०.५ असल्यास तेथून १ मिलिमीटर. दोन्ही टोकांवर ही मापे टिपून त्यांना जोडणारी तिरपी रेषा पेन्सिलीने आखावी.

तारा सैल करून काढल्यावर सॅडल पकडीने सरळ वर उचलावी. घासायची ती नेहमी खालची बाजू. वरच्या माथ्याला मानेच्या गोलाईशी जुळणारा आकार असतो, आणि तारांचे सूर प्रत्येक पडद्यावर खरे लागावेत म्हणून तो कोरलेलाही असतो; तो बिघडू देऊ नये. सपाट काचेवर काचकागद पसरून सॅडल काटकोनात धरावी आणि रेषा येण्यापूर्वीच थांबावे. मग तारा चढवून पुन्हा मोजावे. तळ किंचितही गोलसर झाला तर तो खोबणीत सर्वत्र टेकत नाही आणि कंपने तबलीपर्यंत पुरती पोहोचत नाहीत. येथे घाई महागात पडते. घासून गेलेले हाड परत येत नाही. अंदाज चुकल्यास नवी सॅडल करणे हाच खरा उपाय. घोडीच्या वर सॅडल जेमतेम २ मिलिमीटरच उरणार असेल, तर मात्र थांबावे. तारांचा सॅडलवरील दाब कमी होऊन आवाज पडेल. अशा वेळी दोष बहुधा मानेच्या कोनात असतो आणि ते काम अनुभवी कारागिराचेच.

आपल्या देशात हवामानाचाही विचार करावा लागतो. पावसाळ्यात लाकूड ओल शोषून फुगते, तबली वर येते आणि तिच्याबरोबर तारा उंचावतात. कोरड्या दिवसांत याच्या उलट घडते. म्हणून ऐन पावसाळ्यात घासलेली सॅडल हिवाळ्यात खरखरू लागण्याचा संभव असतो. काही वादक दोन ऋतूंसाठी दोन सॅडल बाळगतात.

तारांची उंच ठेवण सर्वत्र दोषच मानली जाते असे नाही. आडव्या ठेवलेल्या गिटारवर गुळगुळीत दांडी फिरवून राग वाजविण्याची पद्धत ब्रिजभूषण काब्रा यांनी आपल्याकडे रुजविली, तर विश्वमोहन भट्ट यांना त्याच परंपरेतील मोहनवीणेच्या वादनासाठी १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार लाभला. तेथे दांडी पडद्यांना लागू नये म्हणून तारा मुद्दाम उंच ठेवतात. तेव्हा आधी वादनाची रीत निश्चित करावी, मग माप घ्यावे आणि त्यानंतरच काचकागद हाती धरावा.